मुठीच्या आत कोरलेलं साल

खंजिराच्या मुठीवर, पात्यापासून बोटभर अंतरावर, एक काळपट ठिपका होता. सुईच्या टोकाहून लहान. तिने भिंग खाली आणलं. शेजारी दुसरा दिसला, मग ओळीने सात-आठ.

हस्तिदंताला असे ठिपके नसतात. हाडातून रक्त वाहतं, त्याच्या वाटा मागे राहतात, त्याच या. हस्तिदंत असता तर मुठीच्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा दिसायला हव्या होत्या. तिथे काहीच नव्हतं.

प्रदर्शनासाठी मोजमापं घ्यायला म्हणून ती बसली होती, आणि संग्रहालयातली सर्वांत जुनी हस्तिदंती मूठ हाडाची निघाली होती.

संचालकांनी ऐकलं आणि थेट कोठारावर बोट ठेवलं. किल्ली एकट्या मामांकडे, कोठाराच्या जुन्या रखवालदाराकडे, असायची. दुपारपर्यंत उलगडा झाला नाही तर मामांना पोलिसांच्या हवाली करायचं, असं ठरवून ते मोकळे झाले. मामांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

ती कोठारात स्टूल ओढून मामांसमोर बसली.

“खंजीर बाहेर कधी निघाला?”

“एकदाच. गेल्या महिन्यात, सफाईला. तुमच्याच दुरुस्तीच्या खोलीत गेला, ताई. तुमच्या बाबांची सही आहे.”

“परत आल्यावर पाहिलात?”

“पाहिला की. पण हाड आणि दंत यातलं मला काय कळणार? एक कुत्रं पळवतं, दुसरं माणूस.” ते हसायला गेले, जमलं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, घरी आत्ताच काही सांगावं लागेल का.

दुरुस्तीची खोली दोघांचीच होती, तिची आणि तिच्या वडिलांची. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. ते आपल्या टेबलाशी एक डबी घासत होते, दिवा जवळजवळ कपाळाला टेकलेला. तिने गरम पाण्यात भिजवलेली कापसाची पट्टी मुठीच्या सांध्यावर ठेवली. पाव तासात मूठ सुटली. तिने आत पाहिलं, मग भिंग लावून पुन्हा पाहिलं.

दुपारी संचालक आणि मामा आले.

“चोरी झालेली नाही,” ती म्हणाली. “चोराने पक्का गोंद वापरला असता. हा सरस आहे, गरम पाण्याने सुटणारा. पुढच्या माणसाला उकलता यावं म्हणून आम्हीच तो लावतो. आणि आत या वर्षाचं साल कोरलंय. नवा भाग बसवला की न दिसणाऱ्या बाजूला साल कोरायचं, म्हणजे उद्या कुणी फसणार नाही. लपवालपवी करतानाही ज्याच्या हाताला हे चुकवता आलं नाही, तो याच खोलीतला.”

“दोघांपैकी कोण?” संचालकांनी विचारलं.

“इतकं सफाईदार घासकाम माझ्या कुवतीबाहेरचं आहे. पण ठिपके मेणाने बुजवलेले नाहीत. असा कारागीर ते सोडत नाही, दिसले असते तर. आणि साल दोनदा कोरलंय. एकावर एक.”

बाबांच्या टेबलाशी कानशीचा आवाज थांबला.

बाबांनी चाचपत खण उघडला. कापसात मूळ मुठीचे चार तुकडे होते. दिवा फार जवळ घेतला, उष्णतेने तडकली, ते म्हणाले. मग आवाजाच्या रोखाने वळले. “मामा, तुमच्यावर आलंय हे मला आत्ता कळतंय.”



तुम्हाला हे ठाऊक होतं का, असं संचालकांनी तिला विचारलं. मुठीचं नव्हतं, ती म्हणाली. डोळ्यांचं दोन वर्षं ठाऊक होतं. प्रत्येक वेळी शब्द ओठांवर यायचे, आणि प्रत्येक वेळी ती त्यांना आणखी प्रखर दिवा आणून द्यायची. आई गेल्यापासून ते या टेबलाच्या आधाराने जगत होते.

संचालक मामांची माफी मागत त्यांना घेऊन बाहेर गेले.

बाबा तुकडे जुळवू लागले. एक उलटा धरला होता. “जोडता येईल गं,” ते म्हणाले. “दोन दिवस दे. कुणाला सांधा सापडणार नाही.”

तिने त्यांच्या हातातून तुकडा काढून घेतला.

“बाबा, हे मी जोडेन. तुम्ही आता हत्यार हातात घ्यायचं नाही.”