अंगावर न फुललेलं अत्तर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या आईच्या, अंजनाच्या बाबतीत हे खरंच घडलंय.

साल १९४६. गाव कडेगाव. दिवाळीचे दिवस.

माझे वडील, कृष्णात, पलटणीतून अचानक घरी आले. लढाई संपून वर्ष उलटलं होतं. आजी सोडली, तर सगळ्यांनी आशा सोडली होती.

आईसाठी त्यांनी इराकातल्या बसऱ्याहून एक कुपी आणली होती. आत काळपट, दाट असं उदाचं अत्तर.

"तिकडं बाई-गडी दोघंबी लावत्यात," ते म्हणाले. "आदी नाकात चढतंय. मग धुरकट हुतंय. सांजपातूर गुळावानी गोड. अंगाच्या उबंनं फुलतंय बग."

आईनं मनगटाला लावलं. अगदी तसंच झालं. आधी औषधासारखा उग्र वास, मग गुऱ्हाळातला धूर, आणि दिवेलागणीला इतका गोड की आई एकटीच लाजली.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे घरच्या बाईनं नवऱ्याला तेल-उटणं लावायचं, ही आमच्याकडची रीत. आई तेल लावायला बसली.

आणि तिचा हात थबकला...

तेल अंगात जिरतच नव्हतं. सगळं पाटावर ओघळत होतं.

थंडीनं असेल, असं म्हणून तिनं विषय मनातून काढला. अंघोळीनंतर त्यांच्या मानेला अत्तर लावलं. हाताला लागलेलं उंबऱ्याच्या दगडाला पुसलं.

फराळ झाला. ऊन वर आलं. ताट उचलताना तिनं हळूच वास घेतला.

उग्र.

दुपारी पुन्हा घेतला... उग्रच. नुकतंच लावल्यासारखा.

दिवे लावताना ती उंबऱ्यापाशी वाकली. दगडाचा वास आणि नवऱ्याच्या मानेचा वास...

एकच होता.

तिनं आजीला, राहीबाईला, सांगितलं.

"सोन्यासारखा माजा ल्योक परत आला, आन तू त्येचा वास घेत फिरतीस व्हय गं?" आजी उसळली. "लाज न्हाई वाटत?"

आईला लाज वाटली. पण संशय काही जाईना.

पाडव्याला सकाळी वडिलांनी मला कडेवर घेतलं. मी तेव्हा चार वर्षांचा.

"पोराला सांगलीला नेतो," ते म्हणाले.

"आवं, सनासुदीचं? कशापायी?"

"असंच. बाप हाय मी त्येचा."

आईनं मला ओढून घेतलं. "तुमी जावा. पोरगं न्हाई येनार."

आजी ओरडली. वडील मात्र रागावले नाहीत. त्यांनी आईकडं नुसतं बघितलं... आणि हसले.

मग निघाले. सोप्यातल्या फरशीवर त्यांच्या बुटांचा आवाज झाला.

अंगणात झालाच नाही...

अंगणात माती होती, हेही खरं.

ते परत आले नाहीत. पलटणीतला एक जण म्हणे, कृष्णात तिकडंच लढाईत गेला. दुसरा म्हणे, मी त्याला नंतर मुंबईत पाहिला. आजी मरेपर्यंत आईबद्दल म्हणत राहिली, हिनं नवरा हाकलला.

आई यावर एकदाच बोलली. "खरा आसंल, तर माजं पाप. नसंल, तर त्यापायीच आज तू हायेस."

आता मी म्हातारा झालोय. त्या सकाळी माझे हात त्यांच्या गळ्यात होते, हे मला लख्ख आठवतं. ती मान गार होती की उबदार...

ते मात्र काही केल्या आठवत नाही.