बाण काढायचा राहिला

"अवो, जरा बाजूला होतासा का? बाण काढायचा राहिलाय—"

वच्छलाचे डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते, आणि ओठांवरचं मागणं अजून पुरतं देवापर्यंत पोचलंही नव्हतं. ती दचकून वळली. धुक्यातून एक तरुण वर आला होता. हातात रंगाचा डबा, कानावर ब्रश, गुडघ्यापर्यंत चिखल.

"कसला बाण?"

"ह्या दगडावर. मागं येऊन शेंदरी रंग लावून गेलतो. त्यावर पांढरा बाण काढायचा, तर पांढरा रंगच संपला." तेवढ्यात त्याला दगडावरचं हळदकुंकू दिसलं, फोडलेला नारळ दिसला, तेरड्याची ताजी फुलं दिसली. "आयला... ह्याचा तर देव झाला की हो!"

वच्छलाच्या पायांखालची वाट सरकली. मसाई पठाराखालच्या रानात, दोन वाटा फुटतात तिथं हा दगड एका सकाळी शेंदरी झालेला दिसला. वाडीतल्या बयाआत्यानं पहिल्यांदा पाहिला आणि देव परगटला म्हणून सगळीकडं सांगितलं. वच्छलानं तर श्रावणाचं व्रतच धरलं. रोज पहाटे डोंगर चढायचा, देवाला फूल वाहायचं, मगच तोंडात पाणी घ्यायचं. आणि एकच मागायचं...

"तुमी... ऐकलंसा काय मी मागितलेलं?"

"न्हाय." त्यानं मान खाली घातली. "म्हंजे, थोडं. कागलचं स्थळ मोडू दे, एवढंच."

"एवढंच? आणि ऱ्हायलं काय मग!"

तो हसला. तिला मात्र रडावंसं वाटलं. कागलचा तो जीपवाला बिजवर, पहिल्या बायकोची पोरं तिच्या खांद्याला लागणारी. तिच्या वडलांच्या, आबांच्या मनात स्थळ भरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तरुणानं डबा खाली ठेवून आपली ओळख सांगितली. तो सयाजी, हातकणंगल्याचा. शिरोलीला फाउंड्रीत कामाला. सुट्टीच्या दिवशी दोस्तांबरोबर डोंगर हिंडायचा नाद. येत्या रविवारी कॉलेजची पोरं पन्हाळ्यावरून ह्या वाटेनं चालत येणार होती. धुक्यात चुकू नयेत म्हणून जागोजागी दगड रंगवायचे होते. इथं तर डाव्या हाताला सरळ कडा.

"रविवारी माझं व्रत सरतंय," वच्छला हळूच म्हणाली. "तवर ह्याला ब्रश लावायचा न्हाय."

"अवो, त्याच दिवशी पोरं येणार! आन् देव कुठला, लोखंडाला लावायचा रंग हाय त्यो. कारखान्यातला."

"तुमच्यासाठी रंग आसंल. मी त्याच्यापुढं जीव मोकळा केलाय."

सयाजी बघतच राहिला. मग त्यानं डब्याचं झाकण घट्ट लावलं, आणि तो उतरू लागला. वळणावर मात्र थांबून ओरडला, "नाव तरी सांगा, देवाच्या मालकीणबाई!"

ती दगडावरची फुलं नीट करू लागली. पण हसू कुठं दडवावं ते तिला कळेना.

तो आठवडा तिला खायला उठला. म्हशीची धार काढताना आचळ हातातून सुटे, भाकरी तव्यावर करपे. रंगाच्या दगडाला केलेलं मागणं पोचतं का? की ते पाप झालं? मग वाटे, भाव खरा असेल तर देव कुठल्याही दगडात येऊन बसेल, त्याला काय अडचण! म्हणून ती रोज गेली. पण जपाला बसलं की नामाच्या अध्येमध्ये... कानावरचा तो ब्रश दिसे. ती स्वतःलाच दटावी आणि नाम पहिल्यापासून सुरू करी.

शनिवारी कागलहून निरोप आला. पोरगी पसंत, सोमवारी सुपारी फोडू.

रविवारी धुकं असं दाटलं होतं की पुढं केलेला हात दिसू नये. वच्छला फूल घेऊन चढत होती, आणि वरून आरोळी आली—

"उजवीकडं! उजवीकडं या रं! डावीकडं कडा हाय!"

दगडाशेजारी सयाजी उभा होता. पार भिजलेला, उजवा हात लांब केलेला.

"हे काय वो?"

"बाण." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "दगडावर काढू नको म्हणालासा. मग मीच झालो."

वच्छला खुदकन हसली. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

"तुमचा देव न्हाय पावला. उद्या सुपारी फुटणार."

त्याचा हात खाली आला. "घरात नको म्हणालासा?"

"देवाला म्हणाले की."

"देवाला म्हणालासा... आन् आबास्नी?"

आबांसमोर तिनं तोंड उघडलंच नव्हतं. उघडायचं धाडस नव्हतं, म्हणून तर डोंगर चढत होती.

"मला बोलायचा हक्क न्हाय," सयाजी अडखळत म्हणाला. "पर तुमी कागलला न्हाय म्हणालासा, तर... मग मी इचारायला यीन म्हणतो. चालंल?"

तिनं फूल वाहिलं.

"हात वर करा," ती म्हणाली, "पोरं चुकतील. समदी गेली की खाली या. म्हशी बांधलेलं पयलं घर."

ती घरी आली ती थेट आबांपुढं. "मला कागलला जायचं न्हाय."

आबा तंबाखू मळायचे थांबले. "आन् हे आज सांगतीस? इतके दिस तोंडात मिठाची गुळणी धरलीतीस?"

"कुणी इचारलं न्हाई."

चुलीपाशी तिची आई धोंडुबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "खरं हाय तिचं. आपुन इचारलंच न्हाई."

"आता कागलकरास्नी काय तोंड दावू?" आबा पुटपुटत राहिले. राग होता, पण पोरीकडं बघितलं की तो विरघळत होता. "उद्या सकाळी जातो. शिव्या खातो, दुसरं काय!"

संध्याकाळी दारात सावली पडली.

"कोण ते? या की पावणं, भाईर का उभं? कुठलं म्हणायचं?"

सयाजीनं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. दिवसभर ओरडून घसा पार बसला होता.

"हातकणंगल्याचं!" वच्छला आतून एका दमात म्हणाली. "शिरोलीला कारखान्यात असत्यात."

म्हटलं आणि जीभ चावली. आबांनी लेकीकडं बघितलं, पाव्हण्याकडं बघितलं, पुन्हा लेकीकडं.

"आस्सं! आन् नाव काय म्हणायचं यांचं?"

नाव तिला ठाऊक होतं. ओठांपर्यंत आलंही... आणि तिथंच अडलं. तिनं पदर दातांत धरला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

भाकरी थापणारा धोंडुबाईचा हात थबकला. "अगं बया," ती हळूच म्हणाली, "नाव घेईना झाली की वो पोरगी!"

आबांनी घोंगडं झटकून पसरलं.

"बसा, पावणं."