शेठच्या गाडीतली शेगडी

बत्ती जरा बारीक करा आणि दार लोटून घ्या. ज्याला घरी एकट्यानं जायची भीती वाटते त्यानं आत्ताच उठावं; गोष्ट संपल्यावर कुणाला पोचवायला मी काही यायचा नाही. आणि मध्येच ‘हे खरं का?’ म्हणून विचारायचं नाही. ही गोष्ट दगडोबाच्या तोंडची; तो हट्टा गावात आमच्या घरामागं राहायचा. उभ्या जन्मात त्यानं कुणाला थाप मारलेली मला ठाऊक नाही. तरी विश्वास बसत नसेल तर तुम्ही जाणा.

साल सेहेचाळीस. निजामाचं राज्य अजून होतं. पौषातली अमावास्या. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की रानात उभ्या तुरी करपून गेल्या होत्या.

दगडोबा वसमतच्या एका कापूसवाल्या शेठच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. शेठनं ती मोटार सिकंदराबादच्या एका गोऱ्या साहेबाकडून जुनी घेतलेली. काळी, लांबलचक गाडी, आणि पुढं बसणाऱ्याच्या पायांशी एक लोखंडी पेटी. ती पेटी म्हणजे गाडीतली शेगडी. इंजिनाचं तापलेलं पाणी दोन रबरी नळ्यांतून त्या पेटीत फिरायचं आणि आतला छोटा पंखा त्यावरून वारं फेकायचा, की गाडीत ऊब. साहेबाच्या मुलखात ती लागत असेल. आपल्याकडं उन्हाळ्यात मोटारीच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही, तिथं शेगडी कशाला? लोक यायचे, पेटी बघायचे आणि हसून जायचे. दगडोबाही त्यांच्याबरोबर हसायचा. त्यानं ती कधी लावूनच पाहिली नव्हती.

त्या दिवशी काम साधं होतं. मुनीम संतरामला हट्ट्याला पोचवायचं, रात्री तिथंच राहायचं आणि सकाळी त्याला घेऊन परत यायचं. दगडोबा खुशीत होता. त्याची एकुलती एक लेक शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला अजून पुष्कळ अवकाश होता, तरी पठ्ठ्यानं वसमतहून डिंक आणि खारका आधीच घेऊन ठेवल्या. बापाचा जीव, दुसरं काय.

मुनिमाला सोडून दिवेलागणीला तो घरी आला, तर अंगणात बाया उभ्या.

शालू दुपारीच अडली होती. मुलगा झाला, पण अपुऱ्या दिवसांचा, एवढासा. आणि शालूचं रक्त काही केल्या थांबेना. दगडोबा आत जाऊन तिच्या उशाशी बसला. तिनं डोळे उघडले.

“बा, लेकराला गारठू देऊ नको,” ती म्हणाली.

“न्हाई देत, बाई.”

त्यानंतर ती बोलली नाही. थोड्या वेळानं सुईण सिंधूबाईनं तिच्या नाकाशी बोट धरलं आणि पदर तोंडाला लावला.

दगडोबाला धड रडायलाही मिळालं नाही. सिंधूबाईनंच त्याला दंडाला धरून उठवलं.

“दगडोबा, गेली ती गेली. तिच्यापाशी आमी बसतो. जावयाला निरोप धाडतो. पर हे पोरगं अजून जितं हाये. गुळाच्या पाण्याचा बोळा लावला तर चोखून न्हाई राहिलं. हातपाय गार पडून राहिले. वसमतच्या दवाखान्यात न्या, पर उबंत न्या. वाटंत गारठलं तर हातचं गेलं समजा.”

तेव्हा त्याला ती पेटी आठवली. ज्या पेटीला तो आजवर हसत आला, तिच्यावर आता नातवाचा जीव होता.

बायको भागाबाई पुढच्या सीटवर बसली. लेकरू कापसात गुंडाळून, वरून लुगड्याच्या घड्या करून तिनं छातीशी धरलं होतं. लेकीचं मढं घरात ठेवून ती निघाली होती. डोळ्यांत टिपूस नव्हतं. दगडोबाला तिच्याकडं बघवेना.

गाव मागं पडलं. इंजिन तापायला वेळ द्यावा म्हणून त्यानं थोडं अंतर जाऊ दिलं. मग खटका दाबला. पंखा घरघरला.

“आवो, हे तर गार वारं येऊन राहिलं,” भागाबाई म्हणाली.

“येईल. दम धर.”

आणखी थोडं अंतर गेलं. वारं गारच.

“बंद करा ते. पोरगं हुडहुडून राहिलं.”

त्यानं पंखा बंद केला आणि ओढ्याच्या अलीकडं गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. कंदील घेऊन खाली उतरला, इंजिनावरचं झाकण उचललं. आधी पाणी पाहिलं. रेडिएटरमध्ये थोडं कमी होतं. ओढ्यातून डबा भरून आणला आणि ओतला. मग पेटीकडं पाणी सोडणारी तोटी पाहिली. ती बंदच होती, गंजून बसलेली. पान्यानं ठोकून ठोकून उघडली. आता येईल गरम, असं म्हणून परत आत बसून पंखा लावला. गारच. कधी न वापरलेल्या नळीत हवा कोंडली असेल, म्हणून त्यानं पेटीजवळचा नळीचा सांधा ढिला केला. फसफस करून हवा गेली, पाण्याची धार आली, सांधा पुन्हा आवळला. पंखा लावला.

थोडं कमी गार. एवढंच.

त्यानं पंखा बंद केला, पुढं येऊन रेडिएटरवर हात ठेवला. हात सहज ठेवता येत होता. इतका वेळ इंजिन चालू, आणि पाणी नुसतं कोमट.

तेव्हा त्याला कळलं. आणि कळलं तसा तो गाडीला टेकून खालीच बसला.

बघा, इंजिनाच्या डोक्यावर पाण्याच्या वाटेत एक झडप असते. पाणी चांगलं तापेपर्यंत ती त्याला रेडिएटरकडं जाऊ देत नाही. आपल्या उन्हात गाड्या उकळायच्या, म्हणून इकडचे सगळे ड्रायव्हर नवी गाडी हातात आली की पहिल्यांदा ती झडप काढून टाकायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दगडोबानंही काढली होती आणि उकिरड्यावर फेकली होती. आता अमावास्येच्या थंडीत पाणी तापण्याआधीच गार होत होतं. त्याच्या हातानंच शेगडी विझली होती.

“काहून बसले तुमी?” आतून भागाबाईचा आवाज आला. “आवो, पोराचं रडणं बारीक होऊन राहिलं.”

तो उठला. अंगावरची घोंगडी काढली. रेडिएटरच्या तोंडावर ती घट्ट बांधली, म्हणजे वारं लागायचं नाही आणि पाणी तापेल. उशीर लागणार होता, पण दुसरा उपाय नव्हता. थंडीनं बोटं वळत नव्हती. दोरीची गाठ बसेना. बांधता बांधता त्याला इतका वेळ दाबून धरलेलं रडू आलं. “शाले, माझं चुकलं गं बाई,” असं तो मोठ्यानं म्हणाला. तिथं ऐकायला कोण होतं?

गाठ बसली. तो वळला.

आतलं रडणं थांबलं होतं.

गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. मघाशी त्या स्वच्छ होत्या. त्यानं दार उघडलं आणि तोंडावर ऊब आली. शेक दिलेल्या खोलीत शिरल्यासारखी. सोबत वास. ओव्याचा... बाळंतशेपांच्या धुरीचा.

शालूच्या खोलीत धुरी पेटलीच नव्हती. तेवढा वेळच तिला मिळाला नव्हता.

भागाबाई पुढच्याच सीटवर होती. ताठ बसलेली. समोर बघत.

तिची मांडी रिकामी होती.

“पोरगं कुठं हाये?”

तिची नजर समोरच्या काचेवरून हलली नाही.

“अगं, पोरगं कुठं हाये?”

“मांगितलं तिनं,” भागाबाई हळूच म्हणाली. “दिलं.”

“कुणी?”

भागाबाईनं मान हलवली नाही. नुसते डोळे मागच्या सीटकडं नेले... आणि परत आणले.

दगडोबा आत बसला. कंदील पायाशी ठेवला. वात खाली केली. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. डोक्यावर आरसा होता. हात वर करून त्यानं तो छताकडं फिरवला.

गाडी निघाली.

पेटीचा पंखा बंद होता. ऊब मागून येत होती. मानेवर... पाठीवर...

ओढा गेला.

वळण गेलं.

मागं सीटची एक स्प्रिंग कुरकुरली. कुणी अंग सावरून बसावं तशी.

“भ्या वाटतं का?” त्यानं विचारलं.

“न्हाई,” भागाबाई म्हणाली. मग आता कुठं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “तुमी मागं बघू नका.”

“न्हाई बघत.”

बघावंसं त्याला फार वाटलं. ते सांगताना दगडोबा नेहमी थांबायचा. भीतीनं बघितलं नाही असं लोकांना वाटतं, तो म्हणायचा, पण भीती कसली? माझीच पोर. मला वाटलं, मी वळलो तर ती उतरून जाईल. एकदा तोंड बघायची हौस कुणाला नसते... पण मग लेकराला उबेत कोण धरेल? म्हणून नाही बघितलं.

वसमतचे दिवे दिसू लागले.

गाव आलं तसा वास विरत गेला. दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मानेला पुन्हा गार वारं लागलं. दोघंही हलली नाहीत. शेवटी भागाबाई उतरली आणि मागचं दार उघडलं.

सीटवर कुणी नव्हतं. लेकरू मधोमध निजलं होतं, लुगड्यात नीट गुंडाळलेलं. तिनं ते उचललं, गालाला गाल लावला आणि एकदम आत पळाली.

डॉक्टर हैदराबादेकडचे, म्हातारे. झोपेतून उठून आले होते. त्यांनी लेकरू टेबलावर घेतलं, कापूस सोडवला, छातीला नळी लावली. पोटावर दोन बोटं दाबून पाहिली. दगडोबा दारातच उभा होता. आत यायची त्याला छाती होईना.

“साब... जितं हाये का?”

“हां, हां. बचेगा. कमजोर है, पर बदन अच्छा गरम है. पेट भी भरा है.” डॉक्टर भागाबाईकडं न बघता हात पुसत म्हणाले, “माँ को अंदर लाओ. ऐसी सर्दी में उसको बाहर गाडी में काय को बिठाए?”

दगडोबानं भागाबाईकडं पाहिलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं. दोघांचे चेहरे बघितले. पुन्हा विचारलं नाही.

दगडोबा टेबलाजवळ आला. लेकराच्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर एक पांढरा ओघळ आला होता. त्यानं बोटानं तो टिपला.

दूध होतं. अजून कोमट.