रूपाआत्याला मारलेली हाक

ज्यांना हे खोटं वाटेल, त्यांनी जऊळक्याला जाऊन कुणालाही विचारावं. ते घर आजही तिथंच आहे. दाराला कुलूप आहे. आणि दिवे लागायच्या वेळी त्या गल्लीतून कुणी एकटं जात नाही.

गोष्ट गेल्या वर्षीच्या जानेवारीतली.

सुकेशनी वाशिमच्या एका दवाखान्यात नर्स आहे. नवरा प्रज्वल शिक्षक. दोघं पहिल्यांदाच देशाबाहेर फिरायला निघाले होते. श्रीलंकेला. आधी अनुराधापूर, मग कँडी, आणि तिथून समुद्राच्या कडेकडेनं गॉलच्या किल्ल्यापर्यंत.

निघायच्या आधी ती आजीला भेटायला जऊळक्याला गेली. आजी म्हणजे नानीबाई, तिच्या वडिलांची आई. वडील गेल्यापासून म्हातारी एकटीच राहायची. शेजारची गंगू येऊन-जाऊन बघायची.

श्रीलंकेचं नाव ऐकताच नानीबाईच्या हातातलं पाखडायचं सूप तसंच राहिलं.

तिची लेक रूपा तिथंच गेली होती. सुकेशनीची आत्या. दोन हजार चारच्या डिसेंबरात, बुद्धाची ठिकाणं बघायला निघालेल्या मंडळींसोबत. त्सुनामी आली त्या सकाळी ती किनाऱ्यावर होती. बाकीचे परत आले.

रूपा सापडलीच नाही.

नानीबाईनं ती मेली असं कधी मानलं नाही. फोटोला हार घालू दिला नाही. गेलेल्या माणसासाठी करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करू दिला नाही.

"सुके, तिथं दर्याच्या काठी उभी राह्य आन् तिले हाक मारजो," म्हातारी म्हणाली. "म्हनजो, मायनं बलावलं, घरी चाल."

"आजी, इतकी वर्षं झाली वं..."

"हाक मारायले काय लागते तुले?"

सुकेशनीनं मान डोलावली. म्हातारीचं मन राखायला.

सहल छान चालली होती. अनुराधापूरचे पांढरेशुभ्र स्तूप पाहताना तिचे डोळे भरून आले. बोधिवृक्षाखाली ती बराच वेळ बसली. कँडीच्या तळ्याकाठी प्रज्वलनं तिचे इतके फोटो काढले की ती वैतागली.

मग समुद्र आला.

गॉलच्या अलीकडे ड्रायव्हरनं शहाळ्यांच्या गाडीपाशी व्हॅन थांबवली. ऊन उतरत होतं. प्रज्वल शहाळं पीत उभा राहिला. सुकेशनी चपला हातात घेऊन पाण्याकडे गेली. थोड्या अंतरावर एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत होता. बाकी कुणी नव्हतं.

तिला लाज वाटली. तरी ती ओरडली...

"रूपाआत्या! घरी चाल! मायनं बलावलं!"

आणि लाटांचा आवाज थांबला.

कमी नाही झाला. थांबला.

लाटा येत होत्या, फुटत होत्या, पण आवाज नव्हता. स्वतःचा श्वास तेवढा तिला ऐकू येत होता. मग एकदम सगळा आवाज परत आला. कोळी उठून उभा राहिला होता. त्यानं समुद्राकडे बघून हात जोडले, आणि जाळं तिथंच टाकून तो भराभर निघून गेला.

ती व्हॅनमध्ये येऊन बसली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं आणि तो ते धरून उभाच राहिला...

व्हॅन मागून जराशी दबली. परत दबली. परत...

"कुणासाठी थांबलास?" प्रज्वलनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

ड्रायव्हर दचकला. आपण दार का उघडलं, हे त्यालाही सांगता येईना.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी ती जऊळक्याला गेली. गंगू गल्लीच्या तोंडाशीच भेटली.

"बाई, म्हातारीले काय झालं वं? टोपलंभर भाकरी थापते. एकटीच बोलत राह्यते. एवढ्या भाकरी खाते कोन?"

घरात नानीबाई हसत बसली होती. किती वर्षांनी हसत होती!

"आली वं रूपा! तुनं आनली!"

सुकेशनीचं लक्ष जमिनीकडे गेलं.

ओली पावलं होती... दारापासून चुलीपर्यंत.

एका बाईची नाहीत. मोठी, पुरुषांची. बायकांची. आणि एका लहान लेकराची, बोटं पसरलेली.

तिनं खाली वाकून बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

नानीबाईनं तिचा हात धरून तिला जवळ ओढलं. हसू मावळलं होतं. "सुके, रूपा आली ते बरं झालं. पन हे बाकीचे कोन आनले वं तुनं? ह्यायची बोली मले समजत नाही. अंधार पडला का दारात येऊन उभे राह्यतात. काहीतरी मांगतात. काय मांगतात तेच उमगत नाही."

"आजी, तू माझ्यासोबत वाशिमला चल. आत्ताच्या आत्ता."

"लेक आता तं घरी आली. तिले टाकून कायले येऊ?"

सुकेशनीनं खूप समजावलं. ती हलली नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी गंगूचा फोन आला. सुकेशनी तशीच जऊळक्याला निघाली.

नानीबाई बाजेवर होती. केस ओले. लुगडं ओलं. तोंडाशी फेस.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, या वयात फुप्फुसात पाणी साठतं. सुकेशनीनं दवाखान्यात अशी माणसं पाहिली होती. पण म्हातारीची मूठ तिनंच उघडली होती. आत पांढरी वाळू होती. काळ्या मातीच्या त्या मुलखात.

मायलेकींचं पुण्यानुमोदन एकत्रच केलं. विहारातले भन्ते आले. माणसं त्याच घरात दाटीवाटीनं बसली. पाठ सुरू झाला...

आणि मध्येच भन्ते थांबले.

"बाहेर उभे आहेत त्यांनाही आत बसू द्या."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अंगण रिकामं होतं.

पाठ संपल्यावर भन्तेंनी सुकेशनीला बाजूला घेतलं. "तुम्ही कुणाला बोलावलं होतं?"

"आत्याला. एकटीलाच."

"काय म्हणून बोलावलंत?"

तिनं ते शब्द सांगितले. मायनं बलावलं, घरी चाल.

"समुद्रात गेलेल्या प्रत्येकालाच माय होती," भन्ते अंगणाकडे पाहत म्हणाले. जाताना म्हणाले, "पाणी ठेवत जा. गोडं पाणी."

गंगू आजही त्या उंबऱ्यावर रोज पाण्याचा हंडा भरून ठेवते. सकाळी तो रिकामा असतो.

प्रज्वल म्हणतो, कुत्री पीत असतील.

सुकेशनी वाद घालत नाही. परवा मात्र ती एवढंच म्हणाली, "म्हातारी आता तिथं नाही, हे त्यांना सांगायला पाहिजे हो... पण कोणत्या भाषेत सांगू?"