भूरा खेड्याची मोजणी

त्या दिवशीचं काम साधंच होतं. १९९५चा जानेवारी, संक्रांत नुकतीच झालेली. फरीदाबादच्या पुढे यमुनेकाठच्या गावांत फिरून जुन्या वस्त्यांच्या खुणांची यादी करायची, हे आमच्या पुरातत्त्व खात्याकडे आलं होतं. घाई एवढ्यासाठी, की त्या सगळ्या जमिनीवर नव्या वसाहतींची सेक्टरं आखली जात होती. 'इथे काही नाही' असं आम्ही लिहिलं, की तिथे बुलडोझर जाणार.

यादीतलं शेवटचं टेकाड भूरा खेडा. तिकडे जुन्या वस्तीच्या उंचवट्याला खेडाच म्हणतात. पद्माकर सर माझे वरिष्ठ, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. शिस्तीचा माणूस. पाच वर्षांत मला त्यांनी 'तुम्ही'शिवाय बोलावलं नव्हतं.

जीप बांधावर लावून आम्ही दोघंच वर चढलो. सकाळचे अकरा वाजले होते, पण धुकं असं की स्वतःचे बूट धड दिसेनात. कुठेतरी गोवऱ्या जळत असल्याचा वास येत होता. गाव मात्र दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं.

वर राखाडी खापरांचे चार तुकडे मिळाले, बस. सर म्हणाले, "किरकोळ अवशेष, असं लिहून टाकू. मोजणी तेवढी करून घ्या."

मी मध्यावर खुंटी ठोकली, टेपचं टोक तिला अडकवलं आणि होकायंत्र घेऊन बसले. सर टेपचं डबडं घेऊन कडेच्या दिशेने निघाले. टेप जिकडे ताणली जाईल ती दिशा मी टिपायची, अंतर ते ओरडून सांगणार. पाच पावलांत ते दिसेनासे झाले.

"सत्तावीस-चाळीस," आवाज आला, म्हणजे सत्तावीस मीटर चाळीस सेंटिमीटर. लिहिलं. "एकोणतीस-दहा." लिहिलं.

मग बराच वेळ काहीच नाही. टेप सैल पडली. मी हाक मारणार, इतक्यात ती पुन्हा ताठ झाली.

"भिंत. नऊ-वीस."

"सर, मातीच्या वर भिंत दिसतेय?"

"लिही."

लिही? मला चमकल्यासारखं झालं. पण थंडीने बोटं बधिर झाली होती, आकडे भराभर येत होते, मी लिहीत गेले. कोपरा, आठ-पाच... चूल, सात-तीस... भिंत, सहा-ऐंशी... ठिपके जोडत गेले तसं कागदावर घर दिसू लागलं. एक खोली, तिला लागून दुसरी. अंतरं कमी कमी होत होती.

"या आतल्या खोलीचं दार कुठे, सर?"

"दार नाही."

"कुठल्या बाजूला नाही?"

"कुठल्याच."

आवाज सरांचाच होता. पण आता फार जवळून येत होता... आणि जरा खालून.

"सर... तुम्ही कुठे उभे आहात?"

"आत."

माझ्या खांद्यावर हात पडला. मी किंचाळलेच. मागे पद्माकर सर उभे होते, गळ्यात कॅमेरा.

"काय झालं? कुणाशी बोलताय? मी जीपमधून कॅमेरा आणायला गेलो होतो. डबडं तिकडे बाभळीपाशी ठेवलंय."

मी नुसतं टेपकडे बोट केलं. ती ताठ होती, बारीक थरथरत होती. सर तिच्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी टोक खुंटीवरून काढलं. टेप खाली पडली नाही. हळूहळू सरकू लागली. काम संपल्यावर कुणी निवांत मूठ फिरवत गुंडाळावी तशी. टोकाची पितळी कडी गवतातून गेली, धुक्यात शिरली... कर्र, कर्र, कर्र. मग शांत.

परतताना बल्लभगढच्या चहावाल्यापाशी सर म्हणाले, "तो कागद फाडा."

"तिथे भिंती आहेत, सर."

"आणि कुणी मोजल्या असं लिहिणार तुम्ही?"

मी कागद फाडला नाही. दोन दिवस वाद घातला. शेवटी सरांनी अहवाल बदलला, सपाटीकरण थांबवावं म्हणून सही केली. त्यांची ती सही मी अजून विसरलेले नाही. पण पत्र दहा दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं, आणि आम्ही पुन्हा टेकाडावर पोचलो तेव्हा मशीन आमच्याआधी पोचलं होतं.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. अर्धं टेकाड कापलेलं. मशीन बंद, आणि चालक लांब मोहरीच्या शेताच्या बांधावर बसलेला. सरांनी त्याला हाक मारली. आवाज ऐकताच तो उठून उभा राहिला, दोन पावलं मागे गेला.

"साहब, आप ही ने तो अंदर से आवाज़ दी थी, रुक जाओ..."

आम्ही पुढे गेलो. कापलेल्या मातीत भिंती उभ्या होत्या. मी जुन्याच खुंटीला नवी टेप लावली. नऊ-वीस. आठ-पाच. सहा-ऐंशी. सर जवळ उभं राहून आकडे ऐकत होते.

आतल्या खोलीचा माथा मशीनने उघडला होता. ती आम्ही त्याच दिवशी बुजवून घेतली. अहवालात 'मातीच्या भिंती' एवढंच लिहिलं. आज तिथे सेक्टर आहे. आत काय दिसलं ते सर कुणाला न सांगताच गेले. मीही आज पहिल्यांदाच बोलतेय.

अशा खोल्या हजारो वर्षांच्या मातीने ठासून भरलेल्या असतात. ही पोकळ होती. चार भिंती, दार नाही. वरून ऊन थेट जमिनीवर पडलं होतं. जमीन शेणाने सारवलेली होती. ओली. वास वरपर्यंत येत होता.

सारवणारी बाई मागे मागे सरकत दारापर्यंत येते आणि बाहेर पडते. इथे बोटांचे फराटे चारी भिंतींपासून निघून मध्याकडे आले होते. आणि अगदी मध्यावर दोन पावलांच्या आकाराची जागा कोरडी राहिली होती. पावलांची बोटं आमच्या बाजूला.