रिकामा ग्लव्ह

अनया झोपली आहे, टेक्सासच्या उकाड्यातही पायात मोजे घालून. तेवढ्यात हे लिहून घेते. तिची दुपारची झोप हीच माझी जहागीर.

शुगर लँडमधल्या आमच्या गल्लीच्या टोकाला प्रल्हादकाका राहायचे. निवृत्त हार्ट सर्जन आणि बेसबॉल कार्डांचे वेडे. अनया पोटात असताना त्यांनी मलाही त्या नादाला लावलं. त्यांच्याकडे इथल्या एका जुन्या बेकरीचा संच होता. पन्नासच्या दशकात पावाच्या पाकिटातून खेळाडूच्या चित्राचं एकेक कार्ड निघायचं. संचात एकच कमी होतं. तेही कुणा स्टारचं नाही.

"स्टारची कार्डं सगळ्यांनी जपली गं, म्हणून ती मिळतात," काका सांगायचे. "या पोराला कोण ओळखत होतं? पावाच्या चुऱ्याबरोबर कचऱ्यात गेला."

आता ते कायमचे शिकागोला, लेकीकडे निघाले होते. संच अपुराच जाणार, असं हसत म्हणाले खरे. पण बोट अल्बममधल्या त्या रिकाम्या खणावरून फिरत राहिलं.

आणि दसऱ्याच्या सकाळी, एका एस्टेट सेलमध्ये, कुणाच्या तरी मागे राहिलेल्या घरसामानाच्या विक्रीत, शिवणाच्या बटणांच्या डब्यात तो मला सापडला.

मी कार्ड अलगद उचललं. कोपरे धारदार, रंग कालच छापल्यासारखे. पोरगेलासा खेळाडू, मान वर करून आकाशाकडे बघणारा. चेंडू झेलायला पुढे केलेला ग्लव्ह रिकामा. काकांच्या कॅटलॉगमध्ये होता अगदी तसाच. गाडीत मी अनयाच्या पोटावर नाक घासलं, तशी ती पाय झाडत खिदळली. दोन-दोन घुंगरांचे चांदीचे वाळे छुमछुमले.

घरी नवऱ्याचा, ईशानचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझ्या विणायच्या सुयासुद्धा पूजेला मांडलेले. मीही कार्ड ठेवलं. आणि हाताच्या सवयीने, सगळ्यांबरोबर कार्डातल्या त्या पोराच्याही कपाळावर कुंकू टेकवलं.

"अगं, कार्डावर?" ईशान म्हणाला. "मिंट कंडिशन, एकदम कोरं, म्हणत होतीस ना?"

"लॅपटॉपला लावलं तेव्हा नाही बोललास."

"लॅपटॉप पुसता येतो, यार."

खरंच होतं. इतका जुना कागद; पुसायला जावं तर डाग पसरणार. मी अनयाला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

"कुंकू लावून घरात घेतलंय, आता हा आपला पाहुणा," मी तिला म्हटलं. "बघ, हात पुढे केलाय बिचाऱ्याने. रिकाम्या हाती कसं पाठवायचं याला?"

ती कार्डाकडे बघून खुदकन हसली.

काकांकडे निघताना पाहिलं, तर तिच्या उजव्या पायात वाळा नव्हता. सोफ्याखाली, पाळण्यात, कार सीटमध्ये, सगळीकडे शोधलं. तो इतका घट्ट झाला होता, की काढायला तेल लावावं लागायचं.

काकांकडे पोचले ती माफी मागतच. त्यांनी कार्ड खिडकीशी उजेडात धरलं, डोळ्याला भिंग लावलं.

"कुठाय डाग?"

मी वाकून पाहिलं. कपाळ स्वच्छ होतं.

"थांब, थांब." काकांचा आवाज चिरकला. "याचा ग्लव्ह रिकामा असतो. इथे त्यात काहीतरी छापलंय. अगं पोरी, हे व्हेरिएशन आहे. कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही. असं दुसरं जगात नसेल."

त्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांचा तो खण, त्यांनी स्वतःच्या हाताने भरला. मलाही रडू फुटलं, आनंदाने.

"बघ, बघ तू," म्हणत त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

ग्लव्हमध्ये एक बारीक चंदेरी कडं होतं.

त्याला दोन घुंगरं.

आणि तो आता आकाशाकडे बघत नव्हता.

"दिसलं?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

अनया कडेवर होती. तिचा उघडा पाय मी तळहातात घेतला. गार होता. तळव्याच्या मधोमध कुंकवाचा एवढासा ठिपका.

मी अंगठ्याने पुसला.

तो पसरला नाही. छापल्यासारखा होता.