सलग आकड्यांची फाईल

सकाळी नऊच्या सुमारास खाजगी गुप्तहेर चष्मेवाले यांच्या दारात एक स्त्री छातीशी फाईल कवटाळून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, उद्या कुटुंब न्यायालयात माझ्या मुलाच्या ताब्याची सुनावणी आहे. नवरा मला वेडी ठरवतोय. बाळंतपणानंतर माझ्या मनाला आजार जडला होता, हे खरं. पण मी पूर्ण बरी झाले, असा डॉक्टरांचा दाखला होता. तोच गेला! आणि डॉक्टर आता हयात नाहीत."

तदनंतर तासाभरातच चष्मेवाले व त्यांचे धिप्पाड सहकारी पैलवान तिच्या माहेरी दाखल झाले.

"काल दुपारी मी यादीबरहुकूम एकेक कागद तपासला," ती म्हणाली. "दाखला फाईलच्या मधोमध होता. मग फाईल दादाच्या हाती दिली."

थोरला भाऊ खाकरला. "मी लगेच पानांवर शाईने आकडे घातले. घरात अक्षर माझंच बरं. मग फाईल बायकोकडे सोपवली."

"मी कपाटात कुलूपबंद केली," वहिनी फणकारली. "किल्ली माझ्या कमरेला. बघा आता सगळे माझ्याकडेच!"

"आज सकाळी वकिलांच्या कारकुनाने फाईल पडताळली," स्त्री म्हणाली, "तेव्हा दाखला नव्हता."

पैलवान कुजबुजले, "कारकून फितूर झालाय, दुसरं काय!"

चष्मेवाल्यांनी पाने सावकाश उलटली. एक ते शेहेचाळीस. खाडाखोड कोठेही नव्हती.

"आकडे सगळे तुमचेच?"

"एकूण एक," भाऊ म्हणाला.

"पैलवान, दाखला रात्री किंवा सकाळी निघाला असता, तर मधला एक आकडा त्याच्यासोबत गेला असता. इथे आकडे सलग आहेत. म्हणजे आकडे पडले तेव्हा दाखला फाईलमध्ये नव्हताच. आणि तेव्हा फाईल एकाच माणसाच्या हाती होती."

भावाने खिशातून घडी घातलेला दाखला काढला.

"कोर्टात चारचौघांत वाचतील गं. लोक तुला वेडी म्हणतील. म्हणून काढला. फाडायला मात्र हात धजेना."

"लोक म्हणतातच आहेत, दादा. नाही म्हणणारा हा एकच कागद होता." तिचे डोळे भरून आले. "आजारी मी होते. लाज तुला वाटली. वाच आता, मोठ्याने."

त्याने वाचावयास आरंभ केला. 'आता पूर्ण बरी असून, अपत्याचा सांभाळ करण्यास' येथे येऊन तो अडला.

तिने कागद त्याच्या हातातून घेतला आणि उरलेले वाक्य स्वतः वाचून पूर्ण केले. तिचा आवाज एकदाही कापला नाही.